नेमका इंग्रजी शब्द कसा निवडायचा?

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांच्या इंग्रजीच्या वहीत पानाच्या मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. ‘बिग’ म्हणजे मोठा, ‘स्ट्राँग’ म्हणजे बळकट, ‘टेल’ म्हणजे सांगणे. धडा वाचून समजून घेण्यापुरती ही वही पुरते. स्वतः चार वाक्ये लिहायची वेळ आली की ती अपुरी पडते, कारण उजवीकडचा एकच मराठी शब्द डावीकडच्या तीन-चार शब्दांसमोर लिहिलेला असतो. त्यांतला कोणता उचलायचा, हे वही सांगत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मुलांना सुटे शब्द पुष्कळ येतात. अडते ते निवडीपाशी. अशा वेळी ‘मराठीत विचार करू नका, इंग्रजीतच करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. ज्याला अजून पुरेसे इंग्रजी येत नाही, त्याने इंग्रजीत विचार करायचा तरी कशाच्या जोरावर? उलट मराठीत जरा अधिक बारकाईने विचार केला, आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे आधी मराठीतच नक्की केले, तर इंग्रजी शब्दाची निवड बरीच सोपी होते.

कडक चहा, कडक शिस्त

आपण कडक चहा पितो, कडक उन्हात फिरतो, कडक शिस्तीत वाढतो. जानेवारीत कडक थंडी पडते, शिळी भाकरी कडक होते आणि बँकेतून कडक नोटा मिळतात. विशेषण एकच, पण ते दर वेळी वेगळे काम करते आहे, हे मराठी माणसाला कोणी सांगावे लागत नाही. इंग्रजीत ही कामे वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतली आहेत. चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, थंडी ‘सिव्हिअर’ किंवा ‘बिटर’, भाकरी ‘हार्ड’ आणि नोटा ‘क्रिस्प’.

‘मोठा’चेही तसेच. मोठा आवाज ‘लाउड’, मोठा पाऊस ‘हेवी’, मोठा लेखक ‘ग्रेट’, मोठा भाऊ ‘एल्डर’. बोलण्यात भावाला ‘बिग ब्रदर’ म्हटलेले चालते, पण पावसाला ‘बिग रेन’ म्हटले की ऐकणारा थबकतो. त्याला अर्थ कळतो, तरी वाक्य कानाला खटकते. कोणी आपल्याला ‘जाड पाऊस पडला’ म्हणाले तर आपलीही तीच गत होईल.

ह्याला नियम आहे का? फारसा नाही. ‘स्ट्राँग’ आणि ‘पॉवरफुल’ हे दोन्ही शब्द बळ दाखवतात. चहा मात्र ‘स्ट्राँग’च असतो आणि मोटारगाडी ‘पॉवरफुल’. मायकेल हॅलिडे ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली हेच उदाहरण घेऊन हा मुद्दा मांडला होता. त्यांचे गुरू जे. आर. फर्थ ह्यांनी १९५०च्या दशकात सांगितले की शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरूनही ठरतो: तो कोणत्या शब्दांबरोबर वावरतो, हे त्याच्या अर्थातच मोडते. हे फर्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

म्हणून सुटा शब्द पाठ करण्यात फारसे हाती लागत नाही. ‘हेवी’ म्हणजे जड, एवढेच लिहून न थांबता ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’, ‘हेवी लॉस’ अशा जोड्या लिहाव्यात. पाऊस, वाहतूक, तोटा ह्या तिन्ही ठिकाणी मराठीत आपण ‘जड’ म्हणत नाही, हेही मग आपोआप लक्षात राहते.

‘लावणे’ आणि ‘लागणे’

मराठीतली काही क्रियापदे एकट्याने अर्धे घर चालवतात. सकाळपासून आपण काय काय लावतो ते पाहा. गजर लावतो, दिवा लावतो, देवापुढे निरांजन लावतो, कुकर लावतो, केसांना तेल लावतो, चष्मा लावतो, दार लावतो, कुलूप लावतो, मग कोणाला तरी फोन लावतो. दिवा लावणे आणि दार लावणे ह्यांत तर एक चालू करणे आहे आणि दुसरे बंद करणे.

विद्यार्थी ‘लावणे’ला इंग्रजी शब्द विचारतो, आणि तिथेच वाट चुकते. विचारायचे ते काय लावले ह्याबद्दल. इंग्रजीत क्रियापद ठरते ते बहुधा नामावरून. गजर ‘सेट’ करतात, विजेचा दिवा ‘टर्न ऑन’ करतात, निरांजन ‘लाइट’ करतात, चष्मा ‘पुट ऑन’ करतात, दार ‘क्लोज’ किंवा ‘शट’ करतात, मलम ‘अप्लाय’ करतात. ‘ओपन द फॅन’ आणि ‘क्लोज द लाइट’ ही वाक्ये इथूनच जन्मतात. ‘बंद करणे’ समोर वहीत फक्त ‘क्लोज’ लिहिलेले असते.

ह्या यादीत इंग्रजीची एक सोय दिसते, आणि ती ओळखली तर पुष्कळ वाक्ये सुटसुटीत होतात. इंग्रजीत नामच उठून क्रियापद होते. कुलूप ‘लॉक’, आणि कुलूप लावणेही ‘लॉक’च. रोप ‘प्लांट’ आणि रोप लावणेही ‘प्लांट’. पाणी ‘वॉटर’, तर झाडांना पाणी घालणे ‘वॉटर द प्लांट्स’. इस्त्री ‘आयर्न’, इस्त्री करणेही ‘आयर्न’. मराठीत नामाला लावणे, घालणे, करणे अशी जोड द्यावी लागते, म्हणून आपण इंग्रजीतही ती जोड शोधत बसतो आणि ‘पुट वॉटर टू प्लांट्स’ असे काहीतरी लिहून ठेवतो.

‘लागणे’ त्याहून अवघड. भूक लागली, नोकरी लागली, निकाल लागला, ठेच लागली, दोन तास लागले, चटणी तिखट लागली. इथे मराठी वाक्याची घडण नीट पाहावी. मला भूक लागली ह्यात ‘भूक’ कर्ता आहे. मी नुसता ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. इंग्रजीत बहुतेक वेळा माणूस पुढे येऊन कर्ता होतो: ‘आय ॲम हंग्री’, ‘शी गॉट अ जॉब’, ‘ही स्टब्ड हिज टो’. वेळ लागण्यात माणूस नसतो, तिथे ‘इट टूक टू आवर्स’. निकाल लागला म्हणजे तो बाहेर आला: ‘द रिझल्ट इज आउट’. चटणीच्या वाक्यात लागणे म्हणजे चव येणे, म्हणून ‘टेस्ट्स’. अडल्यावर ‘लागणे’ बाजूला ठेवून तेच वाक्य मराठीत दुसऱ्या शब्दांत सांगून पाहावे. नोकरी मिळाली, चव तिखट आहे, निकाल जाहीर झाला. ह्या दुसऱ्या वाक्याला इंग्रजी शब्द चटकन सापडतो.

मराठीत आधीच असलेले भेद

‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ ह्यांतला फरक शिकवताना वर्गात पुष्कळ वेळ जातो. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ ह्यांचेही तेच. तिन्हींना पाहणे आणि दोन्हींना ऐकणे असा अर्थ दिला की गोंधळ होणारच. पण मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ असा भेद आहे, ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ असाही आहे. खिडकीतून मोर दिसला, हे ‘सी’. मी वर पाहिले, हे ‘लुक’. क्रिकेटचा सामना शेवटपर्यंत पाहिला, म्हणजे हलत्या गोष्टीवर लक्ष ठेवून राहिलो, हे ‘वॉच’. शेजारचे भांडण ऐकू आले, हे ‘हिअर’. आजोबांचे म्हणणे मन लावून ऐकले, हे ‘लिसन’. आपोआप घडले की जाणून केले, ही कसोटी मराठी मुलाला बालपणापासून येते. शिकवणाऱ्याने फक्त तिची आठवण करून द्यायची.

‘लाज वाटली’ ह्याला इंग्रजीत काय म्हणायचे, हा असाच नेहमीचा प्रश्न. उत्तर देण्याआधी विचारावे की कोणती लाज? लहान मूल पाहुण्यांना पाहून आईच्या पदराआड लपते, ते लाजते: ‘शाय’. भर समारंभात पाहुण्यांचे नाव चुकीचे घेतले गेले, बोलणारा ओशाळला: ‘एम्बॅरस्ड’. वडिलांना उलट बोललो, नंतर शरम वाटली: ‘अशेम्ड’. लाजणे, ओशाळणे, शरमणे हे तिन्ही शब्द आपल्या भाषेत होतेच, फक्त घाईत आपण ‘लाज’ ह्या एकाच शब्दावर भागवले. सडपातळ आणि हाडकुळा ह्यांतला फरक ज्याला कळतो त्याला ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ ह्यांतलाही कळेल. बालिश आणि निरागस ह्यांतला कळतो त्याला ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’ वेगळे का, हे सांगावे लागणार नाही.

उसने घेणे आणि उसने देणे ह्यांत मराठी भेद स्पष्ट आहे, तरी ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ची गल्लत फार होते. कारण दोन्ही शब्दांसमोर मुलांनी नुसते ‘उसने’ लिहून घेतलेले असते. ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे, ‘लेंड’ म्हणजे उसने देणे, असे पूर्ण लिहिले की गल्लत मिटते.

उलट बाजूही आहे. अभिमान आणि गर्व हे आपल्याकडे दोन शब्द, इंग्रजीत दोन्हींकडे ‘प्राउड’ चालतो. लेकीचा अभिमान वाटतो तिथे ‘प्राउड ऑफ हर’, आणि गर्विष्ठ माणसालाही ‘प्राउड’ म्हणतात. गर्वच ठामपणे सांगायचा असेल तर ‘ॲरोगंट’ म्हणावे.

शब्दाबरोबर येणारी वाक्यरचना

शब्द बरोबर असूनही वाक्य चुकते, ते बहुधा त्या शब्दाची रचना ठाऊक नसल्यामुळे. ‘टेल’ला समोर माणूस हवा: ‘टेल मी’. ‘से’ला माणूस थेट चालत नाही, मध्ये ‘टू’ लागतो. मराठीत विषयावर चर्चा करतात, म्हणून ‘डिस्कस ऑन’ किंवा ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. ‘डिस्कस’ला मध्ये काही लागत नाही. मराठीत कोणाशी तरी लग्न करतात, म्हणून ‘मॅरी विथ’ येतो. इंग्रजीत तो ‘विथ’ नको. पुण्याला पोहोचलो ह्यातला ‘ला’ ‘रीच टू पुणे’मध्ये उतरतो, पण बरोबर रचना ‘रीच पुणे’ हीच, किंवा मग ‘अराइव्ह इन पुणे’. विभक्तीचा प्रत्यय दिसला की शब्दयोगी अव्यय शोधायची ही सवय आहे. सवय वाईट नाही. फक्त प्रत्येक क्रियापदापाशी एकदा तपासून घ्यावे लागते.

काही नामे इंग्रजीत मोजता येत नाहीत. सल्ले, माहित्या असे अनेकवचन मराठीत ‘सल्ले’पुरते चालते, ‘माहित्या’ आपणही म्हणत नाही. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’ ह्या साऱ्यांना शेवटी ‘एस’ लागत नाही. एक सल्ला म्हणजे ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’.

तू, तुम्ही, आपण

मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘जरा पाणी द्या ना’ ह्या चार शब्दांत ‘द्या’ आहे, ‘जरा’ आहे, ‘ना’ आहे. एवढ्याने विनंती गोड होते. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोघेही ‘यू’च, आणि ‘दे’ व ‘द्या’ दोन्ही ‘गिव्ह’च. हे वाक्य शब्दशः नेले की ‘गिव्ह मी वॉटर’ होते, आणि अत्यंत नम्र माणूस उद्धट ठरतो. जो आदर मराठीत सर्वनाम आणि प्रत्यय सांभाळतात, तो इंग्रजीत ‘कुड’, ‘वुड’, ‘प्लीज’ सांभाळतात: ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ ‘मला रजा पाहिजे’ हे ‘आय वॉन्ट लीव्ह’ होऊ नये. ‘आय वुड लाइक टू टेक लीव्ह’ व्हावे. अर्जात ‘मागणी’ला ‘डिमांड’ लिहिणे तर टाळाच. आपल्या मागणीत अपेक्षा असते, ‘डिमांड’मध्ये हुकूम असतो. तिथे ‘रिक्वेस्ट’ हवा. परदेशात नव्याने गेलेल्या आपल्या मुलामुलींना ह्या एका गोष्टीची तयारी करून दिली, तर पुढचे किती गैरसमज टळतील!

औपचारिक आणि घरगुती शब्दांचा प्रश्न ह्याला लागूनच येतो. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षे दरबारात फ्रेंचचा वरचष्मा राहिला. लॅटिन चर्चची आणि विद्वानांची भाषा होती. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे थरावर थर साचले. ‘आस्क’ हा जुना घरगुती शब्द, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमधून आलेला, ‘इंटरोगेट’ लॅटिनमधला आणि त्याला आज पोलिसी चौकशीचा वास आहे. मराठी माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये. आपण गावात ‘नेत्रतपासणी शिबिर’ भरवतो, पण धूळ मात्र ‘डोळ्यात’ जाते. ‘नेत्रात धूळ गेली’ असे कोणी म्हणत नाही.

पाठ्यपुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याला वजनदार शब्द चांगला वाटतो, म्हणून भाजी ‘पर्चेस’ केली जाते आणि सिनेमा ‘कमेन्स’ होतो. भाजी ‘बाय’ करावी, सिनेमा ‘स्टार्ट’ व्हावा. ‘पर्चेस’ला बिले आणि करारांत जागा आहे.

मराठीत राहायला आलेले इंग्रजी शब्द

शंभर-दीडशे वर्षांत जे इंग्रजी शब्द आपल्या घरात आले, ते आता मराठी झाले आहेत आणि त्यांचे अर्थही थोडे सरकले आहेत. म्हणून इंग्रजी बोलताना सगळ्यात जपून वापरायचे ते हेच. ‘मला बोअर झाले’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याचे ‘आय ॲम बोअरिंग’ केले तर अर्थ होतो, मी कंटाळवाणा माणूस आहे. हवे होते ते ‘आय ॲम बोअर्ड’. आपल्या ‘हॉटेल’मध्ये मिसळ मिळते, लंडनमध्ये ‘हॉटेल’ विचारले तर मुक्कामाची खोली दाखवतील. आपण लाइट गेली म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते, म्हणून ‘पॉवर कट’. कॉलेजातून ‘पास आउट’ झालो असे ब्रिटन-अमेरिकेत सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनात आधी बेशुद्ध पडणे येते. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे भारतात शंका विचारायची आहे. तिकडे तो अविश्वास वाटू शकतो, म्हणून ‘आय हॅव अ क्वेश्चन’ बरे.

ह्यातले बरेच शब्द भारतीय इंग्रजीत रुळलेले आहेत आणि पुणे-मुंबईच्या कचेरीत ते अगदी योग्य आहेत. ‘प्रीपोन’ तर ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. समोर कोण आहे, एवढे पाहून ठरवायचे.

कोश कोणता आणि कसा पाहावा

इंग्रजी-मराठी कोशाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. अर्थ कळण्यासाठी द्विभाषी कोश हवाच. पण शब्द वापरायचा असेल तेव्हा दुसऱ्या जातीचा कोश लागतो: इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीतच केलेला.

ह्या कोशांची जडणघडण आशियातल्या वर्गांत झाली. मायकेल वेस्ट ढाक्याला शिक्षण खात्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय अडते हे त्यांनी जवळून पाहिले आणि १९३५ साली असा कोश काढला की त्यातले सगळे अर्थ जेमतेम दीड हजार सोप्या शब्दांत सांगितलेले होते. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा येतो, हेही तिच्यात दिले आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो छापला. आजची ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर ह्यांच्या गटाने संगणकात साठवलेल्या प्रचंड मजकुरावरून ‘कोबिल्ड’ कोश केला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात सांगतात, म्हणजे शब्दाची रचना अर्थातच दिसते.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमनचे असे कोश आता मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. नोंद उघडल्यावर पहिला अर्थ वाचून थांबू नये. नामापुढे ‘यू’ हे अक्षर असेल तर ते मोजता येत नाही. क्रियापदापुढे कोणते अव्यय ठळक छापले आहे ते पाहावे. ‘फॉर्मल’ असा शेरा असेल तर घरगुती बोलण्यात तो शब्द नको. मग उदाहरणांची वाक्ये वाचावीत, आणि त्यांतले आपल्या वाक्यासारखे जे असेल ते उतरून घ्यावे. समानार्थी शब्दांचे कोश, ज्यांत १८५२ सालचा रॉजेचा सर्वांत प्रसिद्ध, आठवण करून द्यायला चांगले. निवड करायला मात्र नाहीत, कारण शब्दांतला फरक ते सांगत नाहीत.

शब्दच नसेल तर

उष्टे, माहेर, हट्ट, डोहाळे. ह्यांना एका शब्दाचा इंग्रजी जोड शोधत बसू नये. माहेरी गेली आहे म्हणजे ‘शी इज स्टेइंग विथ हर पेरेंट्स’. भात उष्टा आहे म्हणजे ‘समवन हॅज ऑलरेडी ईटन फ्रॉम धिस’. पूर्ण वाक्याने अर्थ पोहोचतो, शब्द नसल्याची अडचण राहत नाही.

मोबाइलवरच्या भाषांतर यंत्रालाही सुटा शब्द देऊ नये. ‘लावणे’ टाकले तर ते त्यातला कोणताही एक अर्थ उचलेल. ‘झोपायच्या आधी पाचचा गजर लाव’ असे पूर्ण वाक्य दिले तर योग्य क्रियापद मिळण्याची शक्यता खूप वाढते. मिळालेले क्रियापद लगेच शिकणाऱ्यांच्या कोशात उघडून पाहावे आणि तिथल्या उदाहरणांत ‘अलार्म’ बरोबर ते येते का, तेवढे तपासावे.